फलाटावरील सोबा

जपानच्या पश्चिम भागात हिमेजी नावाचे शहर आहे. तेथील शुभ्र किल्ला पाहण्यास देशोदेशीचे लोक येतात, आणि तो पाहण्याजोगा आहे यात शंका नाही. आम्हीही तो पाहिला. परंतु त्या दिवसाची जी आठवण मनात अधिक ताजी राहिली आहे ती किल्ल्याची नव्हे. फेब्रुवारीची थंडी होती, जेवणाची वेळ टळून गेली होती, किल्ल्याच्या उभ्या जिन्यांनी पाय मोडून आले होते, आणि पुढल्या गाडीस नऊ मिनिटांचा अवकाश होता. फलाटावर एक लहानशी टपरी दिसली. आतून वाफ येत होती. बसावयास बाक नाही, खुर्ची नाही. छातीइतक्या उंचीची एक फळी, आणि तिच्यापाशी खांद्यास खांदा लावून उभे असलेले पाचसात उतारू. त्यांत गळपट्टा बांधलेला एक कारकून होता, गणवेशातला एक शाळकरी मुलगा होता, आणि हातातली पिशवी दोन पायांच्या मध्ये जपून ठेवलेली एक वृद्ध बाई होती. कोणी कोणाशी बोलत नव्हते. सगळ्यांच्या तोंडून मात्र शेवया ओढून घेण्याचा तो 'सुर्रर्र' आवाज चालला होता. आपल्याकडे हा आवाज मुलाने केला तर आजी डोळे वटारील. तेथे तो न करणारा परका ठरतो.

आत एक मध्यम वयाची बाई होती. तिने अगोदरच उकडून ठेवलेल्या शेवयांची एक गुंडी लांब दांड्याच्या खोल चाळणीत घातली, चाळणी उकळत्या पाण्यात बुडविली, दोनचार वेळा हिसडून पाणी झटकले, शेवया वाडग्यात लोटल्या, वर कढत सार ओतले, कांद्याच्या पातीचे चिमूटभर काप टाकले आणि भज्याची एक चकती ठेवून वाडगा पुढे सरकविला. एक मिनिटही लागले नसावे. पहिल्या घोटाबरोबर चष्म्यावर वाफ धरली आणि थंडी कोठल्या कोठे गेली. भजे प्रथम कुरकुरीत होते. मग हळूहळू ते सारात विरघळू लागले आणि साराला तेलाची एक गोडी आली. हे विरघळणे म्हणजे दोष नव्हे. जाणते गिऱ्हाईक त्याचीच वाट पाहत असते.

येथे शाकाहारी वाचकांस सावध करणे अवश्य आहे. त्या साराचा जीव माशात आहे. 'कात्सुओ' जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कठीण करतात, आणि सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या छिलक्यांसारख्या त्याच्या पातळ छिलक्या काढून त्या पाण्यात उतरवितात. सुकटीच्या वासात वाढलेल्या कोंकणी माणसास हे सार घरचे वाटेल. इतरांनी दुरूनच वाफ पाहावी. भज्याचे म्हणाल तर त्याला तेथे 'तेंपुरा' म्हणतात, आणि ही तळणीची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून जपानात आली असे मानतात. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमा बंदरात उतरला, तो गोव्याहूनच निघालेला होता. तेव्हा त्या चकतीशी आपले अगदीच नाते नाही असे नाही.

हा जो स्टेशनावरचा वाडगा, त्याला जपानी लोक 'एकिसोबा' म्हणतात. 'एकि' म्हणजे स्टेशन. हिमेजीच्या वाडग्यातील शेवया पिवळसर होत्या आणि खरे पाहता त्या सोब्याच्या नव्हत्याच. ते गौडबंगाल पुढे उलगडेल. प्रथम सोबा म्हणजे काय हे सांगितले पाहिजे, आणि नंतर तो फलाटावर कसा आला हे. कारण आमचे असे मत झाले आहे की, हा पदार्थ स्वयंपाक्याने घडविलेला नसून गाडीच्या थांब्याने घडविलेला आहे. आणि जपानी रेल्वेचा दीडशे वर्षांचा इतिहास त्या वाडग्याच्या तळाशी जितका स्पष्ट दिसतो तितका पुष्कळ जाड ग्रंथांतही दिसत नाही.

सोबा म्हणजे कुट्टू. उत्तर हिंदुस्थानात नवरात्राच्या उपवासाला ज्या पिठाच्या पुऱ्या चालतात तेच हे पीठ. उपवासाला चालते याचे कारण असे की, कुट्टू हे गहू-तांदळासारखे तृणधान्य नव्हे. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली ती वनस्पती आहे. डोंगराळ, थंड आणि हलक्या जमिनीत ती अडीच-तीन महिन्यांत हाती येते. जेथे भात पिकत नाही तेथे ती पिकते, म्हणून जपानात ती आरंभी गरिबांची होती. पिठाची लापशी किंवा गोळे करून लोक खात. त्याच्या शेवया कापण्याची रीत पुष्कळ उशिरा निघाली. किसो खोऱ्यातील जोशोजी या मठाच्या कागदपत्रांत १५७४ सालच्या दुरुस्तीच्या कामाच्या प्रसंगी 'सोबाकिरी' म्हणजे कापलेला सोबा दिल्याची नोंद आहे, आणि असा लेखी उल्लेख याहून जुना ज्ञात नाही. किसोचे हे खोरे शिनानो प्रांतातले, आणि सोबा म्हटला की जपानी माणसाच्या तोंडी आजही शिनानोचेच नाव येते.

पुढे तोकुगावांच्या राजवटीत एदो, म्हणजे आजचे तोक्यो, हे प्रचंड शहर झाले आणि सोब्याने ते जिंकले. सरदारांबरोबर आलेले एकटे पुरुष, सुतार, गवंडी, हमाल यांची तेथे गर्दी. चूल कोणाच्या घरी पेटणार? खांद्यावरच्या कावडीत शेगडी, पाणी आणि शेवया घेऊन फेरीवाले रात्री हिंडू लागले. लाकडाच्या त्या शहराला आगीचे भय इतके, की १६८६ मध्ये विस्तव घेऊन फिरणाऱ्या उदोन व सोबा विक्रेत्यांस बंदी करणारा हुकूम निघाला. हुकूम निघाला, पण भूक राहिली आणि फेरीवालेही राहिले. १८६० मध्ये एदोत सोब्याची ३,७६३ दुकाने होती अशी एक समकालीन नोंद आहे, आणि तीत रात्रीचे फेरीवाले धरलेले नाहीत. या आवडीस आरोग्याचेही एक कारण होते. एदोत येणारा खेडूत सडलेला पांढरा तांदूळ खाऊ लागे आणि त्याचे पाय सुजत. या व्याधीस लोक 'एदोचे दुखणे' म्हणत. ती आजची बेरीबेरी. सोबा खाणाऱ्यास ती कमी होते हे लोकांच्या ध्यानात आले होते. जीवनसत्त्व ब१ हे त्याचे कारण मात्र विसाव्या शतकात कळले.

त्या काळी एका वाडग्यास १६ मोन पडत. या सोळा नाण्यांवर जपानी कथेकऱ्यांची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. एक लबाड गिऱ्हाईक रात्री सोबा खातो, विक्रेत्याची तोंड भरून स्तुती करतो, आणि पैसे मोजताना आठ मोजून झाल्यावर एकदम विचारतो, "आता वाजले किती?" विक्रेता म्हणतो, "नऊ." गिऱ्हाईक लगेच दहापासून पुढे मोजते आणि एक नाणे वाचविते. हे पाहणारा एक भोळा दुसऱ्या रात्री तीच युक्ती करावयास जातो, पण जरा लवकर जातो. जुन्या जपानी कालगणनेत मध्यरात्रीस नऊ वाजत आणि त्याच्या आधीच्या प्रहरास चार. आठ मोजून तो वेळ विचारतो. उत्तर येते "चार", आणि शहाणा पाचापासून मोजू लागून चार नाणी अधिक देऊन घरी येतो. गोष्ट हसण्याची आहे, पण तिच्यातून दोन गोष्टी कळतात. एक, रस्त्यात उभ्याउभ्या, चार पैशांत, घाईने सोबा खाण्याची सवय जपानी माणसास आगगाडी येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. आणि दुसरी ही की, सोबा आणि घड्याळ यांची गाठ तेव्हापासूनच पडलेली होती.

आगगाडी आली १८७२ च्या ऑक्टोबरात, शिम्बाशी ते योकोहामा. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटून तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. सुमारे २९ किलोमीटरांचे अंतर गाडी ५३ मिनिटांत तोडी. एवढ्यात भूक लागण्याचे कारण नव्हते. पण लोहमार्ग लांबले तसा प्रश्न उभा राहिला. १८८९ च्या जुलैत शिम्बाशीपासून कोबेपर्यंत अखंड मार्ग झाला, आणि तो प्रवास वीस तासांचा होता. गाडीत खाणे मिळत नसे. भोजनाचा डबा जपानात प्रथम १८९९ मध्ये सान्यो रेल्वेने जोडला. शौचकूपही नसे. उतारूंच्या सर्व शारीरिक गरजा फलाटावर भागवावयाच्या आणि शिटी झाली की धावत डबा गाठावयाचा. याचा परिणाम एकदा फार दारुण झाला. हिदा हामागोरो हा आरमारी यंत्रशास्त्रज्ञ, १८६० मध्ये प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेस गेलेल्या 'कान्रिन मारू' या जहाजाची यंत्रे सांभाळणारा. तो १८८९ च्या एप्रिलात फुजिएदा स्टेशनावर शौचासाठी उतरला, सुटलेली गाडी पकडण्याच्या प्रयत्नात पडला आणि मरण पावला. महासागराने ज्याला सोडले त्याला एका लहानशा स्टेशनाने नेले. त्यानंतर लवकरच गाड्यांत शौचकूप बसू लागले.

खाण्याची सोय याआधीच सुरू झाली होती. १८८५ मध्ये उत्सुनोमिया स्टेशनावर आंबट जर्दाळू घातलेले भाताचे दोन गोळे आणि मुळ्याचे लोणचे, बांबूच्या सालीत बांधून, पाच सेनला विकले गेले, आणि तीच स्टेशनावरच्या जेवणाच्या डब्यांची सुरुवात, असे सामान्यतः सांगतात. हे डबे पुढे फार सुंदर झाले, आणि त्यांच्यावर पुस्तकेही झाली. परंतु डबा थंड असतो. शिवाय तो खिडकीतून विकत घेता येतो, म्हणजे त्यासाठी उतरावे लागत नाही. वाडग्याचे तसे नाही. कढत सार खिडकीतून देता येणे कठीण. वाडगा परत मिळाला पाहिजे, धुतला पाहिजे, चूल एका जागी असली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे उतारूस खाली उतरून, खाऊन, परत चढण्याइतका वेळ पाहिजे. तेव्हा स्टेशनावरचा सोबा जन्मावयास अशी जागा हवी होती, की जेथे गाडी मुकाट्याने पाचदहा मिनिटे उभी राहील, आणि जेथे थंडी इतकी असेल की थंड भाताचा गोळा नकोसा होईल.

अशी जागा उसुई घाटाच्या माथ्यावर होती.

तोक्योहून उत्तरेस शिनानोकडे जाणारा लोहमार्ग १८८५ मध्ये पायथ्याच्या योकोकावापर्यंत पोहोचला. पलीकडून समुद्राकडील मार्ग १८८८ मध्ये माथ्यावरच्या कारुइझावापर्यंत आला. मध्ये उरला तो ११ किलोमीटरांचा घाट आणि सुमारे ५५० मीटरांची चढण. साध्या चाकांची गाडी ती चढणे अशक्य होते. शेवटी जर्मनीतील हार्झ पर्वतातल्या मार्गाचा अभ्यास करून रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी घातली. इंजिनाचे दातेरी चाक त्या पट्टीत रुतत रुतत वर जाई. चढ पंधरास एक. आपल्या बोरघाटाचा चढ सदतीसास एक आहे, यावरून कल्पना यावी. छोट्याशा मार्गात २६ बोगदे आणि १८ पूल. चार्ल्स पाउनल या इंग्रज इंजिनिअरने योजलेला विटांच्या कमानींचा एक पूल अजून उभा आहे. त्यास सुमारे वीस लक्ष विटा लागल्या. १ एप्रिल १८९३ रोजी मार्ग खुला झाला. अकरा किलोमीटरांस सव्वा तासाच्या आसपास वेळ लागे, म्हणजे धडधाकट माणूस जवळजवळ बरोबरीने धावत जावा. बोगद्यांत धूर कोंडे. गाडी आत शिरली की धूर तिच्या मागोमाग ओढला जाऊ नये म्हणून बोगद्याच्या तोंडावर पडदा ओढण्यास माणसे नेमलेली होती. त्यांची कुटुंबे तेथेच घाटात राहत. इंजिनावरचे लोक गुदमरत. या त्रासामुळेच जपानच्या मुख्य मार्गांपैकी विजेचे इंजिन प्रथम धावले ते १९१२ मध्ये याच घाटात.

असा हा सव्वा तास धुरात काढून गाडी कारुइझावास पोहोचे. दातेरी इंजिन सोडावयाचे, साधे जोडावयाचे. उतारू काळवंडलेल्या तोंडाने फलाटावर उतरत. समुद्रसपाटीपासून ९४० मीटरांवरची थंडी. आणि प्रांत कोणता, तर शिनानो, सोब्याचे माहेर. त्यांच्यापुढे कोणीतरी कढत वाडगा धरला नसता तरच नवल. एकिसोब्याचे मूळ कारुइझावात आहे असे जपानात बहुधा सांगितले जाते. दुसरी स्टेशनेही हा मान मागतात, आणि त्या वादात पडण्याचे आम्हांस कारण नाही. पण इतकी कारणे एका जागी आणणारे दुसरे स्टेशन दाखविणे कठीण आहे.

ज्या वाचकांनी मुंबईहून पुण्याचा प्रवास केला आहे त्यांस हे सारे ओळखीचे वाटेल. कर्जतला गाडी थांबते, मागे ढकलणारी इंजिने जोडली जातात, आणि तेवढ्यात कढत बटाटेवडे डब्यात येतात. कर्जतचा वडा प्रसिद्ध का, याचे उत्तर बटाट्यात नाही. ते १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या चढात आहे. जगात जेथे जेथे इंजिनाला दम लागला, तेथे तेथे माणसाने चूल मांडली आहे. भेद इतकाच की, आपला वडा खिडकीपाशी चालत आला आणि जपानी सोब्याने माणसाला खाली उतरविले.

या उतरण्याची एक गंमत होती. जपानी गाडीत आरंभापासून तीन वर्ग होते. १८७२ मध्ये शिम्बाशी-योकोहामाचे भाडे वरच्या वर्गास १ येन १२ सेन ५ रिन, मधल्यास ७५ सेन आणि खालच्यास साडेसदतीस सेन, असे बरोबर तीन-दोन-एक या प्रमाणात असे. फळीपाशी मात्र एकच वर्ग. तेथे उभे राहावयाचे, आणि उभे राहण्यात प्रथम आणि तृतीय असा भेद करता येत नाही.

आता चुलीला जन्म देणारे थांबे कसे गेले ते पाहिले पाहिजे. जपानी रेल्वेचा सारा पराक्रम थांबे नाहीसे करण्यात आहे. फुजी पर्वताच्या पायथ्याशी यामाकिता नावाचे गाव आहे. तोकाइदो मार्गाची प्रत्येक गाडी तेथे जोड इंजिनासाठी थांबे, आणि गाव त्यावर जगे. १९१८ मध्ये तान्नाचा बोगदा खणावयास घेतला. १६ वर्षे लागली, ६७ माणसे गेली. १९३४ च्या डिसेंबरात तो खुला झाला आणि यामाकिता एका दिवसात आडबाजूस पडले. उसुईचा दातेरी मार्ग १९६३ मध्ये संपला. नवी जबर इंजिने दात्यांवाचून चढू लागली. तरी ती जोडण्यापुरती काही मिनिटे योकोकावास गाडी थांबत असे, आणि त्या मिनिटांत १९५८ पासून तेथील एक जुनी पेढी मातीच्या भांड्यात शिजविलेला भात विकीत असे. गाडी निघाली की ते विक्रेते फलाटावर ओळीने उभे राहून तिला कमरेत वाकून नमस्कार करीत. ३० सप्टेंबर १९९७ रोजी त्या घाटातून शेवटची गाडी गेली. दुसऱ्या दिवसापासून नव्या मार्गाने शिंकान्सेन धावू लागली, आणि ती तोक्योहून कारुइझावास सव्वा तासाच्या आत पोहोचते. म्हणजे जुनी गाडी जेवढा वेळ नुसता घाट चढावयास घेई, तेवढ्यात आता सगळा प्रवास होतो. यास वाईट म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. बोगद्यात गुदमरणाऱ्या त्या इंजिनवाल्यांस विचारले असते तर त्यांनी सोब्याचा वाडगा आनंदाने ओवाळून टाकला असता.

तरीही सोबा मेला नाही, आणि याचे श्रेय दुर्दैवाने भुकेस द्यावे लागते. युद्धाच्या काळात अन्न शिधापत्रिकेवर आले. युद्ध संपल्यावर स्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. शहरातले लोक गाड्यांच्या टपांवर बसून खेड्यांत जात आणि घरातील किमोनो देऊन तांदूळ-रताळी आणीत. हिमेजी शहर १९४५ च्या जुलैतील बाँबवर्षावात जळाले. किल्ला तेवढा वाचला. त्या स्टेशनावर जेवणाचे डबे विकणारी एक जुनी पेढी होती. गव्हाचे पीठ सरकारी नियंत्रणात, ते मिळेना. तिने कोन्याकू नावाच्या कंदाचे पीठ सोब्याच्या पिठात मिसळून शेवया केल्या. त्या लवकर फुगत आणि नासत. पुष्कळ खटपटीनंतर १९४९ मध्ये तिने चिनी पद्धतीच्या, क्षारयुक्त पाण्यात मळलेल्या पिवळ्या शेवया घेतल्या, कारण त्या टिकत. आणि त्यांवर सार मात्र जपानीच ओतले. नाव ठेवले 'एकिसोबा'. आम्ही ज्या वाडग्याचे आरंभी वर्णन केले तो हा. चीन आणि जपान यांचा हा संगम कोणा रसिकाच्या कल्पनेतून निघालेला नाही. नासक्या शेवयांनी आणि रिकाम्या कोठारांनी तो घडवून आणला. पुढे गहू मुबलक झाला, खरा सोबा सहज मिळू लागला, पण हिमेजीकरांनी आपला पिवळा वाडगा बदलू दिला नाही. दुष्काळात खाल्लेल्या अन्नाचा एरवी माणसास तिटकारा येतो. येथे उलट झाले, आणि त्याचे कारण आम्हांस त्या फळीपाशी उभे राहिल्यावर थोडेसे कळले: ते अन्न कोणी दान म्हणून दिलेले नव्हते, गाठीचे पैसे मोजून घेतलेले होते.

याच काळातील आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. तोक्योच्या ईशान्येस आबिको नावाचे स्टेशन आहे. तेथील डबे विकणाऱ्या पेढीवर १९४२ मध्ये यामाशिता कियोशी नावाचा वीस वर्षांचा मुलगा कामास राहिला. बुद्धीने मंद म्हणून तो एका संस्थेत वाढलेला. पण रंगीत कागदाचे बारीक कपटे चिकटवून तो जी चित्रे करी ती पाहून जाणकार थक्क होत. कामावरून तो वारंवार पळून जाई, लोहमार्गाच्या कडेने भटके, स्टेशनांत निजे, आणि परत आला की पेढीवाले त्यास पुन्हा ठेवून घेत. पुढे तो सर्व जपानास ठाऊक झाला. ती पेढी आता सोबा विकते, आणि वाडग्यावर कोंबडीचा मुठीएवढा तळलेला तुकडा ठेवते. खाणाऱ्यांपैकी पुष्कळांस त्या चित्रकाराचे नाव माहीत असते. त्याला पुन्हा पुन्हा कामावर घेणाऱ्यांचे मात्र कोणी विचारीत नाही.

गावागणिक या वाडग्याची चव बदलते. पूर्वेकडे साराचा रंग काळपट, कारण चोशी आणि नोदा येथील गडद सोयाबीनचा अर्क त्यात पडतो. पश्चिमेकडे ते फिकट, कारण उत्तरेतील होक्काइदोची समुद्रवनस्पती 'कोम्बू' जुन्या काळी जहाजांनी ओसाकास येई आणि तेथील जिभेस तिची सौम्य चव लागली. जेथे १६०० मध्ये पूर्व आणि पश्चिम जपानची मोठी लढाई झाली त्या सेकिगाहाराच्या आसपास साराचाही रंग पालटतो म्हणतात. नागोयास शेवया पट्टीसारख्या चपट्या. क्यूशूतील तोसू या जंक्शनवर १९५६ पासून कोंबडीचे मांस घातलेला गव्हाच्या जाड शेवयांचा 'उदोन' मिळतो. शिकोकू बेटाची तऱ्हा तर और. तेथे जावयास उनो बंदरी गाडीतून उतरून नावेत बसावे लागे. सुमारे एका तासाच्या त्या जलप्रवासात, १९६९ पासून, वरच्या डेकवर उदोन विकत. गाडी थांबताच लोक नावेकडे धावत सुटत ते जागेसाठी आणि त्या वाडग्यासाठी. शहरात शिकून घरी परतणाऱ्या मुलास समुद्राच्या वाऱ्यात पहिला घोट घेतला की घर आले असे वाटे. १९८८ च्या एप्रिलात समुद्रावर पूल झाला आणि नावा बंद पडल्या. पुलाची निकडही खरी होती. १९५५ मध्ये याच मार्गावरची 'शिउन मारू' ही नाव बुडून १६८ माणसे, त्यांत पुष्कळ शाळकरी मुले, दगावली होती. नावेतला उदोन ताकामात्सु स्टेशनातल्या एका दुकानात आणखी तेहतीस वर्षे तगला. ते दुकान २०२१ च्या नोव्हेंबरात बंद झाले.

चोखंदळ खवय्ये एकिसोब्यास हसतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. आधी उकडून ठेवलेल्या शेवयांत ताजेपणा कोठून असणार? पिठात कुट्टूपेक्षा गहूच अधिक असतो. नागानोच्या डोंगरातील एखाद्या जुन्या घरी, नुकत्याच दळलेल्या पिठाचा, हाताने कापलेला सोबा आम्ही खाल्ला आहे. त्याच्या शेजारी फलाटावरचा वाडगा ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु ही तुलना करणारा एक गोष्ट विसरतो. तो डोंगरातला सोबा खाण्यासाठी आम्ही मुद्दाम गेलो होतो. फलाटावर मुद्दाम कोणी जात नाही. तेथे माणूस दुसरीकडे जावयास निघालेला असतो.

आता होक्काइदोच्या उत्तर टोकाकडील एका गावाची हकीकत सांगावयाची राहिली. ओतोइनेप्पु हे गाव. वस्ती आज हजाराच्या खाली. हिवाळ्यात तेथे बर्फ माणसाहून उंच साचते. एकेकाळी हे जंक्शन होते. मुख्य मार्ग आणि तेम्पोकू मार्ग येथे फुटत, आणि गाड्यांची जोडातोड होत असे. १९३३ पासून या स्टेशनात सोब्याचे एक दुकान होते. तेथील सोबा काळा. कुट्टूचा दाणा टरफलासकट दळीत, त्यामुळे शेवयांस काळा रंग आणि रानटी सुगंध येई. तेम्पोकू मार्ग १९८९ मध्ये उखडला गेला. जंक्शन गेले, रेल्वेचे नोकर गेले, गाव आटले. दुकान मात्र राहिले. वृद्ध नवराबायको ते चालवीत. गाडीची वेळ गाठून लोक तेथे उतरत, काळा सोबा खात, आणि काही तासांनी येणाऱ्या पुढल्या गाडीने परत जात. म्हणजे ज्या सोब्यास गाडीच्या थांब्याने जन्म दिला, त्या सोब्यासाठीच आता लोक थांबू लागले होते. २०२१ च्या फेब्रुवारीत दुकानदार वारला आणि दुकान मिटले. त्या काळ्या शेवया करणारा गावातील कारखाना पुढल्या वर्षी, २०२२ च्या ऑगस्टात बंद झाला. चालविणारे थकले होते आणि मागे कोणी नव्हते. वाक्कानाईकडे जाणाऱ्या गाड्या ओतोइनेप्पुस अद्याप थांबतात.

हिमेजीस आमच्या नऊ मिनिटांपैकी पाच खाण्यात गेली. शेजारची वृद्ध बाई आमच्या आधी आली होती आणि आमच्या नंतरही खात होती. तिला घाई नव्हती; तिची गाडी बहुधा पुढची असावी. वाडगा दोन्ही हातांनी उचलून तिने सार शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, वाडगा फळीवर ठेवला, 'गोचिसोसामा' म्हणजे 'पोटभर मिळाले' असे हलक्या आवाजात म्हटले, आणि पिशवी उचलून दार सरकवून ती बाहेर पडली. आतल्या बाईने मान लववून उत्तर दिले आणि तोवर फळीशी येऊन उभ्या राहिलेल्या नव्या गिऱ्हाइकासाठी चाळणी पाण्यात बुडविली.